वाडीवाले दुपारचं आयकतात

६ फेब्रुवारी, गुरुवार

आज ‘ओटीवर’ मी एकटीने चालवला. देवाची कृपा, आणि थोडी नविनची. नविन आमच्या रेडिओ केंद्राचा तंत्रज्ञ, बोर्डीचा मुलगा. मशीन त्याचं, तोंड माझं, अशी वाटणी आहे. कार्यक्रम तसा साधा. गंजाडच्या आसपासच्या पाड्यांवरून कुणीही यावं, ओटीवर बसल्यासारखं बसावं आणि आपलं जे काय असेल ते बोलावं. गुरुवारी सकाळी थेट, आणि तोच भाग शुक्रवारी दुपारी जेवायच्या वेळेला पुन्हा.

आज लडक्याबाबा आले होते. बोलायचं होतं विहिरीवर, बोलले सगळं जावयावर. मी दोनदा त्यांना विहिरीकडे ओढलं, दोन्ही वेळा ते जावयाकडे परत गेले. उठताना म्हणाले, घरी बोललो तर मध्येच तोंड घालतो, इथनं बोललो की गुमान ऐकावं लागतं. म्हातारा चांगलाच खूश होऊन गेला. मी मात्र विहिरीसाठी काढलेले प्रश्न तसेच घेऊन घरी आले.

वीस वर्षं मसोलीच्या बालवाडीत मुलांना गप्प बसवण्याचा पगार घेतला, आता मोठ्यांना बोलतं करण्याचा घेते. बालवाडी बंद पडली, मग आईचं आजारपण, मग आई गेली. मी लग्न केलेलं नाही, भाऊ सुरतेला. घर इतकं गप्प झालं होतं की सोबत म्हणून मी रिकामा मिक्सर फिरवायचे. या नोकरीने मला वाचवलं असं लिहिलं तर जरा जास्त वाटेल, पण खोटं नाही. आज झोपताना ते लिहून ठेवावंसं वाटलं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

उचलली जीभ लावली टाळ्याला. ही म्हण ज्याने काढली त्याने मला बघून काढली असावी.

आज हिरीबाई आली होती. गंजाडच्या पुढच्या पाड्यावरची, पन्नाशीची असेल, पिशवीभर हिरव्या मिरच्या घेऊन चालत आलेली. मिरचीवर बोलायचं ठरलं होतं. पानं आकसायला लागली की काय करायचं, पाणी कधी द्यायचं, व्यापारी कसा फसवतो, सगळं तिने झटपट सांगून टाकलं. इतकं झटपट की माझ्याकडे वेळ उरला. मला माइकसमोर शांतता सहन होत नाही, म्हणून येणाऱ्या प्रत्येक बाईला विचारते तो माझा ठेवणीतला प्रश्न काढला.

“हिरीबाई, तुमच्या लग्नाला किती वर्षं झाली?”

“लगीन?” ती म्हणाली. “आमचं लगीन कुठं झालंय अजून.”

मी गारच पडले. काचेपलीकडे नविनने मान वर केली. मला वाटलं बाई ओशाळली असेल, काहीतरी सावरून घ्यावं, पण ती तर माइकच्या आणखी जवळ सरकली.

“पोरगी झाली, पोरगी लग्नाला आली, आमचं तसंच राहिलं. आथा पोरीच्या आधी आमचं लागाया पायजे. रविनाला हळद मी लावायची तं माझ्या अंगाला आधी लागाया पायजे ना? नायतर तिची काकू लावील. दिवाळीला मी रुसले ती रुसले. आथा रुसलेली नाय. अंगण मोठं हाय. मांडव घालाया माणूस पायजे, बस.”

मी घाईघाईने “धन्यवाद” म्हटलं आणि गाणं लावायची खूण केली. बिचारीच्या तोंडून मी काय काढून घेतलं! लोक बाईला विचारू नये ते विचारतात म्हणून मीच आजवर कितीदा चिडले आहे, आणि मी तेच केलं.

ती मात्र शांत होती. जाताना एवढंच विचारलं, “दुपारचं कवा लावतास?” उद्या, जेवायच्या वेळेला, असं मी सांगितलं. मिरच्यांची पिशवी माझ्यासाठी ठेवून गेली. हिरीबाई पहिल्याच भेटीत मला अगं-तुगं करत होती. तिच्या तोंडी ते बरं वाटलं.

२१ फेब्रुवारी

रात्रभर डोक्यात तेच. तिच्या रविनाचं लग्न तलासरीकडच्या दीपेशशी ठरलंय म्हणे. त्या लोकांनी ऐकलं तर? पोरीच्या आईचं लग्नच झालेलं नाही, हे त्यांना रेडिओवरून कळावं?

सकाळी केंद्रावर गेल्या गेल्या नविनला सांगितलं, दुपारच्या भागातून लग्नाचं सगळं काढून टाक, मिरची तेवढी ठेव. तो म्हणाला, ताई, बोलणाऱ्याचं बोलणं कापायचं नाय, हा नियम तुमीच केलेला ने. मी म्हटलं, नियम माणसांसाठी असतात. त्याने खांदे उडवले आणि कापलं. जोड कुठे आहे ते मला शोधूनही सापडेना, इतकं सफाईदार.

आता जरा बरं वाटतंय. मिरच्यांचा ठेचा केला. डोळ्यांतून पाणी काढणारा, पण काय चव!

२५ फेब्रुवारी

मन स्वस्थ बसू देईना. एसटीने तलासरीला गेले, दीपेशच्या आईला भेटायला. म्हटलं, आपल्या हातून झालंय तर आपणच निस्तरावं. कमळीबाई अंगणात नागली पाखडत होती. मी प्रस्तावना बांधली, की माणसाच्या आयुष्यात काही गोष्टी राहून जातात, त्यात त्या मुलीचा दोष नसतो, वगैरे. तिने सूप खाली ठेवलं.

“हिरीचं बोलतेस का? आयकलं ना आम्ही सकाळीच, पोराच्या मोबाइलवर. बरी बोलली.”

मी म्हटलं, तुम्हाला काही वाटलं नाही?

मग तिने मला समजावून सांगितलं, बालवाडीतल्या मुलाला सांगावं तसं. त्यांच्यात दोघं आधी संसाराला लागतात. लग्न म्हणजे मांडव, गावजेवण, लग्न लावणारी धवलेरी, सगळं साग्रसंगीत पाहिजे, ते सवडीने होतं. कधी दहा वर्षांनी, कधी वीस. त्यात लाज कसली? मात्र पोरांच्या लग्नाआधी आईबापाचं झालंच पाहिजे, एकाच मांडवात, आधी त्यांचं मग पोराचं. “आमचं मोठ्या पोरीच्या वेळेस झालं,” कमळीबाई म्हणाली. “दीपेश तवा सातवीत होता. आमच्या वरातीत हाच सगळ्यांत जास्ती नाचला.”

हे मी ऐकून होते, पण ते फार पूर्वीचं असेल असं समजत होते. जन्म मसोलीत गेला, रस्त्यापलीकडचं मला माहीत नाही.

तिने भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी वाढली. मी माफी मागायला गेले होते आणि दोन भाकऱ्या खाऊन आले. निघताना मात्र तिने एक सांगितलं, आणि मी चपला घालता घालता थांबले. हिरीचा चिमण घर सोडून बोर्डीला चिकूच्या वाडीत जाऊन बसलाय, घरी येतच नाही. “तो नाय आला तं कसं करणार? पावसाच्या आत पोरांचं उरकायचं. मग हिरी राहील एका बाजूला आणि हळद लावील काकू.”

म्हणजे त्याने ऐकलं. चारचौघांत बायको असं बोलली म्हणून रागावून बसला. आणि तिला बोलायला लावणारी मी!

४ मार्च

उंदराने स्टुडिओतली वायर कुरतडली. सकाळचं प्रक्षेपण गेलं. नविन दिवसभर टेबलाखाली आडवा. मी त्याला चहा पुरवत होते आणि तो टेबलाखालून मला उंदरांविषयी गुजरातीत काहीतरी सांगत होता. अर्थ विचारला नाही.

१४ मार्च

काल होळी झाली. इकडे होळीला माणूस घरी नाही म्हणजे फारच वाईट. वीटभट्टीवरचे येतात, बोटीवरचे येतात, मुंबईला गवंडीकाम करणारे येतात. चिमण आला नाही. रविनाने केंद्रावर फोन केला होता, नविनशी बोलली. आई होळीच्या रात्री नाचायला गेली नाही, ओटीवर रस्त्याकडे तोंड करून बसली होती, असं सांगत होती.

करायला गेले गणपती आणि झाला मारुती. मी एक घर मोडलं. आज जेवण केलं नाही. देवापुढे दिवा लावला तेव्हा आईच्या फोटोकडे बघायचं धाडस झालं नाही.

१७ मार्च, सोमवार

हिरीबाई आली. वार नाही, वेळ नाही, सरळ आत. नविनला म्हणाली, तू बाहेर जा. तो गेला.

मी बोलायला सुरुवात करणार तेवढ्यात तिने विचारलं, माझं बोलणं कापलंस का? मी म्हटलं, तुमच्या भल्यासाठी. तिने ऐकून घेतलं नाही. होळीला वाडीवरून तिच्या पाड्यावरचा पांड्या घरी आला होता. तिने त्याला विचारलं, त्या दिवशी रेडिओवर आयकलं का. तो म्हणाला, तुझी मिरची आयकली, सगळ्यांनी जेवताना आयकली. आणि लगनाचं? लगनाचं काय नव्हतं.

“बाय, एवढ्या लांब मी काय मिरची सांगाया आलेली का?” ती म्हणाली. “सकाळी वाडीवाले झाडावर असतात. दुपारचं आयकतात. दुपारचंच आयकतात. आणि तू कापलंस.”

तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. डोळ्यांत पाणी होतं आणि ती ते पुसत नव्हती. मी खुर्चीवरून उठले आणि हात जोडले. मोठ्या वयात माणसाने हात जोडले की त्याचं काय करायचं ते समोरच्याला कळत नाही. तिने माझे हात खाली केले. “परत लाव. सगळं लाव. दुपारी.”

खरं सांगायचं तर मला ते पटलेलं नाही. माझ्या मनात आलं, हिला त्या माणसाची त्याच्या सोबत्यांसमोर शोभा करायची आहे. रुसला आहे त्याला आणखी खिजवून काय मिळणार? अशाने येणारा माणूसही येत नाही. पण बोलणं तिचं आहे. आपण कापायला नको होतं, एवढं मला कळलं. शुक्रवारी लावेन.

एक गोष्ट राहिली. जाताना तिने विचारलं, जेवलीस का. रागात असताना विचारलं! आई गेल्यापासून मला हे विचारणारं कोणी नाही.

२१ मार्च, शुक्रवार

लावलं. एक अक्षर न कापता. ‘मांडव घालाया माणूस पायजे, बस’ झाल्यावर नविनने गाणं लगेच लावलं नाही, थोडी शांतता तशीच जाऊ दिली. मी डोळे वटारले तर म्हणाला, ताई, राहू द्या, जेवतायत लोक.

२८ मार्च

आठवडाभर कुठूनही काही नाही. मला काही अपेक्षा नव्हतीच.

आज मात्र श्रोत्यांचे निरोप ऐकताना एक छान प्रश्न मिळाला. बोर्डीवरून कुणीतरी पाठवलाय, नाव सांगितलं नाही. पुरुषाचा आवाज, बसका, थांबून थांबून बोलणारा. मागे कोणीतरी हसत होतं आणि याने त्याला गप केलं. प्रश्न असा: मांडवासाठी उंबराची मेढ किती दिवस आधी तोडावी, आणि एका मांडवात दोन लग्नं असली तर मेढ एकच चालते की दोन लागतात?

किती उपयोगी प्रश्न! कमळीबाईने सांगितलंच होतं, इकडे असं असतं. मी ठरवलं, याचं उत्तर जाणत्या माणसाकडून घ्यायचं. पुढच्या गुरुवारी बुधीआजीला बोलावते. ती धवलेरी आहे. या लोकांत लग्न भटजी लावत नाही, धवलेरी लावते, गाणी म्हणून. तिच्याशिवाय लग्न लागत नाही.

नविनने तो निरोप तीनदा ऐकला आणि एकटाच हसत बसला. या मुलाचं हल्ली कामात लक्ष नाही.

३ एप्रिल, गुरुवार

बुधीआजी आली, काठी टेकत, तोंडात तंबाखू. निरोप ऐकवला. पहिल्याच वाक्याला तिचे डोळे मिचमिच झाले. पुन्हा लाव म्हणाली. मग माइक कुठे आहे ते विचारून त्याच्याकडे तोंड केलं आणि प्रश्न विचारणारा समोर बसलाय अशा थाटात बोलली.

“मेढ एकच पुरते. उंबर ओला पायजे आणि आणणारा कोरडा पायजे, पिऊन आलास तं मी लगीन लावणार नाय. आणि आथा उशीर करू नको. बाई ताटकळली.”

कुठली बाई ते मी विचारणार होते, पण नविनचा हसून हसून ठसका लागलेला आवाज माइकमध्ये जायला लागला. मग मी विषय बदलला, आजी, श्रोत्यांसाठी एखादं लग्नाचं गाणं म्हणा. ती माझ्याकडे बघतच राहिली. “मांडव नाय, नवरा नाय, नवरी नाय. म्हटलं तं लगीन लागायचं कोणाचं? तुझं आणि ह्या मशीनवाल्याचं?”

थेट प्रक्षेपणात! नविन माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान आहे. दिवसभर लोकांचे फोन. मीही शेवटी हसले. फार दिवसांनी असं पोट दुखेपर्यंत हसले.

१४ एप्रिल

महालक्ष्मीची जत्रा सुरू झाली. आज देवीला जाऊन आले. ऊन मी म्हणत होतं, रांग मोठी, पण दर्शन चांगलं झालं. हिरीबाईसाठी मागणं मागितलं. आपल्यासाठी काय मागायचं ते सुचलं नाही, म्हणजे सध्या बरं चाललं असावं.

परतताना रविनाची काकू भेटली, रूपी. तीच ती, हळद लावू शकणारी. ती मला बाजूला घेऊन म्हणाली, काल चिमण दिसला. बांगड्यांच्या दुकानात. स्वच्छ सदरा, दाढी केलेली. हिरव्या बांगड्या घेत होता आणि दुकानदारणीला मापासाठी स्वतःच्या हाताची बोटं जुळवून दाखवत होता, एवढा हात, एवढा हात. रूपीने हाक मारली तर गर्दीत घुसला.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. होळीला घरी यायला वेळ नाही, आणि जत्रेत दाढी करून हिरव्या बांगड्या! कुणाच्या हातासाठी? रूपी मात्र दात काढत होती. जावेचं दुःख म्हणजे हिला करमणूक. हिच्या हातून त्या पोरीला हळद लागायची असेल तर देवा, तूच बघ.

१६ एप्रिल

हिरीबाईला सांगावं की नाही? काल दिवसभर याच विचारात. आज शेवटी पाड्यावर गेले. सांगणारच होते.

तर ती अंगण सारवत होती. सगळं अंगण. भिंतींना लाल माती ताजी फासलेली, ओटीच्या कडेला पांढरे ठिपके. रविना पाण्याच्या कळशा आणून देत होती. हिरीबाईने मला बघून कोपराने घाम पुसला आणि गायला लागल्यासारखं काहीतरी गुणगुणली. तिला काहीच माहीत नाही, बिचारीला! मला बोलवेना. मी म्हटलं, एवढी साफसफाई कशाला, उन्हात? ती म्हणाली, कोण कवा येईल काय सांगावं. आणि रविना फिसकन हसली.

तिने मला पेजेचं वाटगं दिलं. मी पेज प्यायले आणि काही न बोलता परत आले. कुणाचं दुःख आपल्याला आधी कळावं आणि त्याला नंतर, याच्यासारखी वाईट गोष्ट नाही. उद्या गुरुवार. कार्यक्रमात कोण आहे तेसुद्धा मी बघितलेलं नाही.

१७ एप्रिल, गुरुवार

हे आजच लिहायला हवं.

कार्यक्रमाला बोलावलेला माणूस आला नव्हता. मी एकटीच काहीबाही बोलत होते, यंदा आंबा कसा, वगैरे. गाणं लागलं तेवढ्यात दारात टेम्पो थांबला. एक माणूस उतरला, उंच, काटकुळा, स्वच्छ सदरा. खांद्यावर झाडाची ओली फांदी, फांदी कसली, चांगला खांबच, वर पानं तशीच. त्याने ती आमच्या फाटकाला टेकवून ठेवली, चपला काढल्या, आत आला आणि उभा राहिला.

“कोण आपण?”

“चिमण. हिरीचा.”

माझ्या तोंडावर त्या बांगड्यांचं सगळं आलं होतं. पण त्याच्या हातात एक पुडकं होतं, जत्रेतल्या कागदात बांधलेलं, आणि ते त्याने असं धरलं होतं की आत काय आहे ते विचारायची गरज नव्हती. मी खुर्चीवर बसले.

त्याला त्या डब्यात बोलायचं होतं. डबा म्हणजे माइक. मी म्हटलं, घर जवळ आलंय तुमचं, समोर जाऊनच बोला की. त्याने मान हलवली. “तिनं सगळ्यांच्या समोर बोलावलं. मना पण सगळ्यांच्या समोर यायला पायजे.”

गाणं संपलं. नविनने बोट वर केलं. तो बराच वेळ काही बोलला नाही, आणि मीही मध्ये बोलले नाही, यासाठी माझी मीच पाठ थोपटते.

“हिरे,” तो म्हणाला. “मी चिमण बोलतांय. दिवाळीला मी बोललो, म्हातारपणी काय नवरा बनू, लोक हसतील. तू रुसलीस. मी पण गेलो. लोक सांगायचे, हिरी बोलावते. लोकांचं काय, लोक होळीत कायपण बोलतात. मग तुझा आवाज आयकला. जेवताना. भाकर हातातच राहिली. वाडीवाले हसले नाय, हिरे. कोणच हसला नाय. मेढ आणलीय. बांगड्या आणल्यात, माप चुकलं असल तं बदलून आणीन. भात टाक.”

उठला, चपला घातल्या, खांब खांद्यावर घेतला आणि निघाला. टेम्पोवाल्याने सोडायला हाक मारली तर म्हणाला, इथून चालत जातो. मेढ खांद्यावर घेऊन भर रस्त्याने, वाटेतले पाडे बघत असताना. मी दारात जाऊन तो वळणाआड जाईपर्यंत बघत राहिले. आत माइक चालूच होता आणि नविन नाक ओढत होता, ते सगळं लोकांना ऐकू गेलं म्हणे.

म्हणजे तो माझ्या प्रश्नामुळे गेलेला नव्हता. तो दिवाळीपासूनच नव्हता. आणि ती मिरची सांगायला आलीच नव्हती. माझ्या प्रश्नाची वाट बघत बसली होती, म्हणून मिरची एवढी लवकर उरकली. होळीला तो आला नाही तो माझ्या कात्रीमुळे. हे सगळं नविनला कधीचं माहीत होतं, बुधीआजीला माहीत होतं, जत्रेत हसणाऱ्या त्या रूपीलाही माहीत होतं. अख्ख्या पंचक्रोशीत एक मीच बाकी होते, आणि माइक माझ्या हातात!

नविनला विचारलं, मला सांगितलं का नाहीस? म्हणाला, ताई, तुमी एवढ्या मन लावून काळजी करत होत्या, मोडवेना.

४ मे

लग्नाहून आत्ताच आले. आंघोळसुद्धा केलेली नाही.

मांडव अंगणभर, वर आंब्याच्या डहाळ्या, मधोमध मेढ. भिंतीवर सवासिनींनी तांदळाच्या पिठाने देवचौक काढलेला. तलासरीहून कमळीबाईची माणसं टेम्पो भरभरून आली होती. बुधीआजी पाटावर बसली आणि तिने सूर लावला. मला वाटलं होतं म्हातारीला दम पुरणार नाही. दुपार कलली तरी ती गातच होती.

आधी हिरीबाई आणि चिमण. त्याने डोक्याला बाशिंग बांधू दिलं, पण मान काही वर करेना. वाडीवाले सगळे आले होते, एका रांगेत उभे, केस चापून बसवलेले. हिरीबाईला हळद लागली तेव्हा ती डोळे मिटून बसली होती. बायका तोंडाला, हाताला, पायाला लावत होत्या, एकमेकींना ढकलत, तिला चिडवत, आणि ती बाई, जी मला कधीही काहीही सुनवते, ती एक शब्द बोलली नाही. हिरव्या बांगड्या कोपरापर्यंत. माप बरोबर होतं.

मग रविनाला पाटावर बसवलं. हळदीचं ताट रूपीच्या हातात होतं. तिने ते हिरीबाईपुढे धरलं आणि दोन पावलं मागे सरकली. हिरीबाईने ताटाकडे बघितलंच नाही. तिच्या स्वतःच्या अंगावर ओली हळद होती. तिने आपल्या गालावरची दोन्ही हातांनी निपटून घेतली आणि पोरीच्या गालाला लावली. मग दंडावरची. मग गळ्यावरची. घ्यायची आणि लावायची. रविना म्हणाली, “आये, बस झालं.” पण ती थांबेना. पावलांना लावली, बोटांच्या बेचक्यांत लावली, कानामागे लावली, लहान पोराला न्हाऊ घालावं तशी. कमळीबाई पदराने डोळे पुसत हसत होती. मी तर धडधडीत रडत होते, लपवलंही नाही.

हात तसेच घेऊन ती उठली आणि सरळ माझ्याकडे आली. मी म्हटलं, अहो हिरीबाई, माझं काय, मला कशाला, माझी साडी. “गप,” ती म्हणाली, आणि माझ्या दोन्ही गालांना, कपाळाला, हनुवटीला हळद लावली. तिची थोडी, रविनाची थोडी. ही हळद खरं तर आईने मला लावायची, पण ती वेळ मी तिला कधी येऊ दिली नाही. तळवे खरखरीत होते, मिरचीच्या शेतातले. मी उभीच राहिले. आभार मानायचे असतात हे आठवलंच नाही.

संध्याकाळी गंजाडहून एसटी मिळाली. पदराने तोंड पुसावं असं वाटलं नाही. कंडक्टर बाई तिकीट देताना माझ्याकडे बघून हसली. विचारलं, “लग्नाला गेलेल्या का ताई? कुणाचं होतं?”

मी म्हटलं, “घरचंच.”